भिंगरीची हजेरी

४ जानेवारी

भिंगरीस,

फोन करू नका म्हणालीस. पत्र लिहू नका असं काही म्हणाली नाहीस, म्हणून लिहितोय. वाचावंसं वाटलं तर वाच, नाहीतर घडी करून टेबलाच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली घाल. तुझ्या होस्टेलच्या खोलीतलं टेबल डुगडुगतं हे मला माहीत आहे. तुला सोडायला आलो तेव्हाच बघितलं होतं, पाना बरोबर नव्हता म्हणून राहिलं.

तू दोन दिवस आधी निघालीस त्यामुळे बरंच काही मागे राहिलंय. निळा स्वेटर दोरीवर आहे, अजून वाळलेला नाही. चार्जर स्वयंपाकघरात. केसांच्या पिना जिथे हात घालावा तिथे. आई म्हणते पार्सल करू. मी म्हटलं, थांब, पुढच्या सुट्टीला येईल तेव्हा घेईल. आई काही बोलली नाही. ती काही बोलत नाही तेव्हा मला जास्त ऐकू येतं.

दहा दिवसांची सुट्टी होती. मी तुझ्यासाठी वेळापत्रक केलं होतं, हे माझं चुकलं असं आईचं मत आहे. सोमवारी डोळे तपासायचे, मंगळवारी आत्याकडे, बुधवारी आमच्या साहेबांच्या मुलाला भेटायचं, कारण तो शिकून मोठ्या हुद्द्यावर गेलाय आणि दोन शब्द चांगले सांगेल. तू पहिले तीन दिवस दुपारपर्यंत झोपलीस. मी तीनदा दार वाजवलं. चौथ्यांदा वाजवायला निघालो तर आईने मनगट धरलं आणि म्हणाली, "अहो, ती आजारी नाही, दमलीय." शिकून कोण एवढं दमतं, असं मी म्हणालो. तू आतून ऐकलं असशील बहुतेक.

आठव्या दिवशी नाश्त्याला मी विचारलं की हजेरी एकेचाळीस टक्के हा काय प्रकार आहे. सरळ प्रश्न होता. तू कप खाली ठेवलास, उठलीस आणि बॅग भरायला लागलीस. कॉलेजचं ते हजेरीचं पाकीट तुझ्या बॅगेतून पडलं होतं, मी उचललं, इतकंच. आणि दारात तू म्हणालीस, "सप्टेंबरात रेक्टर, आता बॅग. बाबा, यापुढे फोन करू नका. काही असलं तर मी करीन."

सप्टेंबरचं तू अजून धरून बसलीयस? दीड दिवस तुझा फोन लागत नव्हता. दगड गोळा करायला तुमची सहल डोंगरात गेली होती हे तू मला सांगितलं होतंस आणि मी विसरलो, कबूल. तोवर तुम्ही परत आलेल्यासुद्धा होतात. मी रेक्टर बाईंना फोन केला, त्या म्हणाल्या मुलगी वर्गात आहे, सुखरूप आहे. झालं. त्यात एवढं काय?

असो. तुझ्या त्या उंच मैत्रिणीला, जिच्याबरोबर एका खोलीत राहतेस तिला, आमचा नमस्कार सांग. पुढच्या सुट्टीत तिला घेऊन ये. या वेळेस का आली नाही ते तू सांगितलंच नाहीस.

बाबा


१९ जानेवारी

भिंगरीस,

तू आईला निरोप पाठवलास, "बाबांना सांग, पत्र मिळालं." चार शब्द. मी तो निरोप तिच्याकडून तीनदा वदवून घेतला. कोणत्या आवाजात म्हणाली, असंही विचारलं. आई म्हणाली, "अहो, लिहून आलाय. त्याला आवाज कुठला?"

एक गोष्ट दुरुस्त करायची आहे. पाकीट पडलं नव्हतं.

तू अंघोळीला गेली होतीस. बॅग खुर्चीवर होती. पुस्तकं तुला जड पडतात का ते बघू, असं मी स्वतःला सांगितलं आणि चेन उघडली. पुस्तकं कोरी करकरीत होती. काहींच्या आतली पानं एकमेकांना चिकटलेलीसुद्धा तशीच होती. त्यांच्यामध्ये ते पाकीट होतं. मी वाचलं, जसंच्या तसं परत ठेवलं, आणि पाच दिवस तोंड बंद ठेवलं. ते पाच दिवस मी तुला जे जे काही विचारलं ना, ‘कॉलेज कसं चाललंय’, ‘सर चांगले आहेत का’, त्याचं खरं उत्तर मला आधीच माहीत होतं. तू खोटं बोलतेस की खरं, ते तपासत होतो. लिहिताना लाज वाटतेय.

आईला हे मी परवा सांगितलं. ती त्या वेळी एक कवळी घासत होती. दातांच्या लॅबमधलं काम घरी आणायचं नाही असं तिने ठरवलंय, पण एका म्हाताऱ्या बाईंना नातीच्या लग्नाआधी दात हवे होते. तिने घासणं थांबवलं नाही. म्हणाली, "मुलीची बॅग म्हणजे तुमची लिफ्टची मशीनरूम नव्हे, वाटेल तेव्हा कुलूप काढून आत शिरायला." त्यानंतर दोन दिवस आमच्यात फक्त मीठ, टॉवेल आणि दिवा बंद करा एवढंच बोलणं झालं.

कामावर ठीक आहे. काल एका जुन्या इमारतीत चौथ्या आणि पाचव्या मजल्यांच्या मध्ये एक शाळामास्तर लिफ्टमध्ये अडकले होते, निवृत्त. मी वरून ओरडून सांगितलं, घाबरू नका. ते आतून ओरडले, "मी घाबरलेलो नाही, मला राग आलाय!" वीस मिनिटं ते माझ्यावर ओरडत होते आणि मी ब्रेक सोडवत होतो. बाहेर आल्यावर माझा हात धरून बसले, सोडेचनात. आता तू म्हणशील, आणली बाबांनी लिफ्ट प्रत्येक गोष्टीत. दुसरं मला येतं काय?

तुझी बॅग उघडली त्याबद्दल मला माफ कर. पुन्हा उघडणार नाही. हे वाक्य मी चार वेळा लिहून खोडलं, कारण दर वेळी त्याच्या पुढे ‘पण’ येत होता. या वेळेस पण नाही.

बाबा


८ फेब्रुवारी

भिंगरीस,

हे वाचून तू चिडशील. आधीच सांगतो, मी तुला भेटलो नाही, कुणाला तुझ्याबद्दल विचारलं नाही, फोन केला नाही.

तुमच्या कॉलेजकडून पहिल्या वर्षाच्या पालकांना बोलावणं आलं होतं. शनिवारी, अकरा ते एक. आईला सुट्टी मिळाली नाही. मी जातो म्हटल्यावर तिने माझ्याकडून वचन घेतलं की सभा संपली की पहिली बस धरायची. चार तास जायला, चार तास यायला.

ग्रंथालयाच्या दुसऱ्या मजल्यावरचा हॉल होता. साठ-सत्तर पालक असतील. माझ्या शेजारी एक ट्रकवाले गृहस्थ होते, हात एवढे मोठे की पेन त्यांच्या हातात काडीसारखं दिसत होतं. कॉलेजच्या समुपदेशक बाई होत्या, तरुण, साध्या. भाषण वगैरे काही नाही. त्यांनी प्रत्येकाला एक कागद दिला आणि म्हणाल्या, "हिवाळ्याच्या सुट्टीत मूल घरी आलं, तेव्हा पहिल्या तासाभरात तुम्ही त्याला काय काय विचारलंत ते लिहा."

मी लिहिलं. मार्क किती पडले. एवढी वाळलीस का. जेवतेस का नीट. बसला उशीर का झाला. उंच मैत्रीण का नाही आली. अभ्यासाला किती वाजता उठतेस. सहा झाले. ट्रकवाल्यांचे अकरा झाले होते.

बाई म्हणाल्या, "आता यातला प्रत्येक प्रश्न तुमच्या साहेबांनी तुम्हाला विचारलाय असं समजून वाचा." हॉलमध्ये आधी हसू आलं आणि मग ते हळूहळू थांबलं. ट्रकवाल्यांनी हात वर केला आणि विचारलं, "मग बाई, बोलायचं तरी काय? मला दुसरं बोलता येत नाही पोराशी." बाई म्हणाल्या, "तुमचं काहीतरी सांगा. त्याला माहीत नसलेलं."

मी खिडकीजवळ बसलो होतो. खाली ग्रंथालयाच्या मागे पाण्याच्या टाकीजवळ पायऱ्या आहेत. तिथे तू होतीस.

एकटीच. मांडीवर कागदात गुंडाळलेला ब्रेड. फोन नाही, पुस्तक नाही. एक घास खायचीस आणि बराच वेळ समोरच्या भिंतीकडे बघायचीस. तुझं वर्गाचं वेळापत्रक आपल्या फ्रिजवर लावलेलं आहे, ते मला पाठ आहे. शनिवारी साडेअकरा, खनिजांचा तास. तू चाळीस मिनिटं तिथे बसलीस. चार मुली गप्पा मारत तुझ्या बाजूने गेल्या, तू पाय आखडून घेतलेस त्यांना वाट द्यायला. त्यांच्यात कोणी उंच नव्हतं.

मी दोनदा जिन्यापर्यंत गेलो. दुसऱ्यांदा चार पायऱ्या उतरलोसुद्धा. मग वाटलं, मी असा समोर उभा राहिलो तर तिला बसायला ही एक जागा आहे तीही राहणार नाही. परत वर गेलो.

बस धरली. आईला घरी येऊन सगळं सांगितलं. ती बाथरूममध्ये गेली आणि नळ सोडून बराच वेळ आत बसली.

मी तुला काही विचारत नाहीये. मी काय बघितलं ते सांगतोय, कारण बघून गप्प बसणं मी एकदा केलं आणि त्याचा परिणाम आपल्याला ठाऊक आहे.

बाबा


१५ फेब्रुवारी

बाबा,

तुमचं पत्र वाचून मी ते आधी फाडलं. मग चिकटपट्टी लावली. हे तुम्हाला कळावं म्हणून लिहितेय, कारण तुम्हाला बहुतेक वाटतं मी काही मनाला लावून घेत नाही.

उंच मैत्रीण ऑक्टोबरमध्ये दुसऱ्या होस्टेलला गेली. भांडण वगैरे नाही झालं, तिला तिच्या गावच्या मुली तिथे मिळाल्या. तेव्हापासून खोलीत मी एकटीच आहे. फोनवर तुम्हाला तिच्या गोष्टी सांगायचे त्या मी मनाने रचायचे. एकदा तर तिचा वाढदिवससुद्धा साजरा केला मी फोनवर. आईने तिच्यासाठी शुभेच्छा पाठवल्या, आठवतंय?

आता सप्टेंबर. ‘त्यात एवढं काय’ असं तुम्ही लिहिलंत ना, तर ऐका. तुम्ही एकदा नाही, तीनदा फोन केलात. तिसऱ्या फोननंतर रेक्टर बाई स्वतः आमच्या वर्गाच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. खनिजांचा तास चालू होता. त्या म्हणाल्या, "हरवलेली मुलगी कोण तुमच्यातली? घरचे शोधतायत." साठ मुलं हसली. त्या दिवसापासून माझं नाव ‘हरवलेली’. मेसमध्ये, जिन्यात, सगळीकडे. तेवढं मी सहन केलं असतं. पण हे सरांनीही सुरू केलं. हजेरी घेताना माझा नंबर आला की म्हणायचे, "हरवलेली सापडली का आज?" रोज. ते आमचे विभागप्रमुख आहेत, त्यांना काय बोलणार? एके दिवशी मी गेले नाही. खूप शांत वाटलं. मग दुसऱ्या दिवशीही नाही गेले. मग इतके दिवस झाले की गेले असते तर खरोखरच ‘सापडली’ असा मोठा सोहळा झाला असता.

मला दगड आवडतात बाबा. हे तुम्हाला पटत नाही, पण आवडतात. मी पुस्तकं उघडत नाही कारण उघडली की तासाला जावंसं वाटतं.

सुट्टीत मी तुम्हाला सांगणार होते. तिसऱ्या दिवशी. तुम्ही दाराबाहेर म्हणालात, शिकून कोण एवढं दमतं.

मला तुमचा राग आहे. आणि तुम्ही चार पायऱ्या उतरून परत वर गेलात ते वाचून मी रडले. दोन्ही खरं आहे.

भिंगरी

(आईला सांगा स्वेटर पाठव. थंडी आहे.)


२० फेब्रुवारी

भिंगरीस,

स्वेटर काल पाठवला. आईने खिशात काहीतरी ठेवलंय, मला बघू दिलं नाही.

तुझं पत्र मी कामावर वाचलं, एका इमारतीच्या गच्चीवर, मशीनरूमच्या बाहेर. तीन फोन मी केले होते हे मला आठवत होतं. आईला मी एकच सांगितला होता.

समुपदेशक बाई म्हणाल्या होत्या, तुमचं काहीतरी सांगा. सांगतो. हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही.

मी तंत्रशाळा पहिल्या वर्षी सोडली, हे तुला माहीत आहे. घरची परिस्थिती नव्हती, भावंडं लहान होती, म्हणून मी शिक्षण सोडून कामाला लागलो, असं मी तुला लहानपणापासून सांगत आलोय. तू चौथीत असताना त्यावर निबंधसुद्धा लिहिला होतास आणि बाईंनी तो वर्गात वाचून दाखवला होता. भिंगरे, ते खोटं आहे.

मी तेव्हा बोलताना अडखळायचो. तोंडी परीक्षेत आम्हाला शिकवणाऱ्या एका निदेशकांनी माझी नक्कल केली. मोटर हा शब्द मला नीट म्हणता येईना, तर त्यांनी तो माझ्यासारखा म्हणून दाखवला आणि सगळी बॅच हसली. दुसऱ्या दिवसापासून मी सायकल स्टँडच्या मागे जाऊन बसायला लागलो. सकाळी डबा घेऊन निघायचो, संध्याकाळी घरी यायचो. आजोबा विचारायचे, "कसा गेला दिवस?" मी म्हणायचो, "मस्त." असे अडीच महिने. परीक्षेचा फॉर्म घेईनात तेव्हा मी आजोबांना म्हणालो, तुमची ओढाताण मला बघवत नाही, मी कामाला लागतो. आजोबांच्या डोळ्यांत पाणी आलं. सगळ्या नातेवाइकांना सांगत फिरले, पोरगा किती समजूतदार. ती शाबासकी मी तीस वर्षं अंगावर वागवतोय. काढूनही ठेवता येत नाही.

म्हणून तुझी हजेरी बघून मी एवढा पेटलो. तू तिथे बसलेली दिसलीस तेव्हा मला तू दिसलीच नाहीस आधी. सायकल स्टँड दिसलं.

आईलाही काल सांगितलं. मला वाटलं फार मोठा स्फोट होईल. ती म्हणाली, "एवढंच? मी काय तुमचे मार्क बघून लग्न केलं होतं?" आणि मग माझ्या डोक्यावरून हात फिरवला, जसा तुझ्या डोक्यावरून फिरवते तसा.

आता कामाचं. सभेत एक छापील कागद वाटला होता, तो सोबत आहे. ज्यांची हजेरी कमी आहे त्यांनी फेब्रुवारी संपायच्या आत विभागप्रमुखांकडे कारण लिहून अर्ज करायचा. ते पटलं तर बुडालेले तास भरून काढता येतात आणि परीक्षेला बसता येतं. नाही केला तर वर्ष जातं. अर्जावर पालकाची सही लागते, समोर जाऊन.

अर्ज करायचा की नाही ते तू ठरव. मी सरांना फोन करणार नाही, रेक्टर बाईंना करणार नाही, समुपदेशक बाईंनाही नाही. ये म्हणालीस तर येईन. नको म्हणालीस तर इथे बसेन आणि तुझं वर्ष गेलं तरी तू घरी येशील तेव्हा दार वाजवणार नाही.

बाबा


२८ फेब्रुवारी

भिंगरीस,

"शुक्रवारी तीन वाजता. सही करायला या. बोलायचं मी." हा तुझा निरोप मी पाकिटात ठेवलाय.

आता घरी पोचलोय. तू तिथे होतीसच, तरी लिहितोय, कारण माझ्या बाजूने काय दिसलं ते तुला माहीत नाही.

सरांच्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून दगड ठेवलेत, एकाहून एक सुंदर. मी मनात म्हटलं, या माणसाला दगड कळतात. सरांनी अर्ज वाचलाच नाही आधी. चष्म्यावरून माझ्याकडे बघून म्हणाले, "काय हो, घरी लक्ष देत नाही का मुलीकडे?" माझ्या तोंडात उत्तर आलं होतं. खूप मोठं उत्तर. मी दात आवळले, आई जसे जोडते तसे.

आणि तू म्हणालीस, "सर, त्यांना नको, मला विचारा." हात टेबलाखाली होते, मला दिसत होते, तू एका हाताने दुसऱ्या हाताचं बोट धरलं होतंस. तू सांगितलंस. रेक्टर, वर्ग, हसणं. सर म्हणाले, "अगं, मुलं गंमत करतात." तर तू म्हणालीस, "सर, तुम्हीही म्हणता. रोज हजेरीला. म्हणून मी यायची थांबले."

बाहेर कोणीतरी कपाट ओढत होतं. सरांनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा काढायला गेले, घातलेला नसताना. म्हणाले, "मला वाटलं, तुलाही गंमत वाटते. तू हसायचीस."

"हसायचे सर. दुसरं काय करणार?"

तेव्हा मी एक वाक्य बोललो. तू बोलू नका म्हणाली होतीस, पण ते माझ्या वाट्याचं होतं. म्हणालो, "सर, त्या दिवशी फोन करणारा मी. सुरुवात माझ्यामुळे झाली." तेव्हा कुठे त्यांनी अर्ज ओढून घेतला आणि वाचला. त्यांनाही मुली असाव्यात.

चौतीस तास सांगितले त्यांनी. वसंत ऋतूची सगळी सुट्टी प्रयोगशाळेत, जुन्या नमुन्यांची कपाटं लावायची, चिठ्ठ्या तपासायच्या. म्हणजे तू घरी येणार नाहीस. आईने तर आत्तापासून तुझी चादर धुऊन ठेवलीय. मी तोंड उघडलं, तू माझ्याकडे पाहिलंस, मी तोंड मिटलं आणि सही केली.

सरांनी माफी मागितली नाही. कदाचित त्यांना येत नसेल. मलाही चार वेळा खोडावं लागलं होतं.

बाहेर आल्यावर तू मला कँटीनमध्ये चहा पाजलास, तुझ्या पैशांनी, मला पाकीट काढू दिलं नाहीस. आणि मग म्हणालीस, "आता जा बाबा. चारचा तास आहे." मी उठलो. बसमध्ये बसेपर्यंत मला कळलंच नाही की तू मला घालवून दिलंस ते तासाला जायचं म्हणून.

बाबा

ता. क. आईला तू आत्ताच फोन केलास, मी इथे लिहीत असताना. आज हजेरीला सरांनी तुझं पूर्ण नाव घेतलं म्हणे, आडनावासकट. वर्गात कोणी हसलं नाही. आईने मला हे स्वयंपाकघरातून ओरडून सांगितलं आणि दूध उतू गेलं.


२८ जून

भिंगरीस,

तुला जाऊन चार दिवस झाले. या वेळेस फोन करायची परवानगी आहे, तरी पत्र लिहितोय, कारण फोनवर हे सांगताना मी हसेन आणि सगळं बिघडेल.

एकवीस दिवस होतीस. मी वेळापत्रक केलं नाही. आत्याला मीच सांगितलं, तिला यायचं असेल तेव्हा येईल. तू बारा वाजेपर्यंत झोपायचीस आणि मी कामावर जाताना बूट हातात घेऊन तुझ्या दारासमोरून जायचो. खनिजांच्या पेपरात काठावर पास झालीस आणि बाकीच्यांत बरी, हे तू आपणहून पाचव्या दिवशी सांगितलंस. मी "बरं" म्हणालो. त्या ‘बरं’साठी मला किती जोर लावावा लागला हे फक्त तुझ्या आईला ठाऊक आहे.

दहा दिवस तू फारसं काही बोलली नाहीस. मीही माझं काय काय सांगत राहिलो, तेही संपलं. मला वाटायला लागलं की आता आपल्यात असंच राहणार. प्रेमाने, पण थोडं लांबून.

मग अकराव्या दिवशी संध्याकाळी स्वयंपाकघरातला बल्ब गेला. मी शिडी लावली आणि वर चढलो. तू येऊन टेबलाशी बसलीस, सफरचंद कापत. आणि मला काही न विचारता, माझ्याकडे न बघता तू बोलायला लागलीस.

ऑक्टोबरमध्ये शुक्रवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ तू कुणाशीही एक शब्द बोलायची नाहीस, ते सांगितलंस. घरचा नंबर लावायचीस आणि वाजायच्या आत कापायचीस. मग वसंताच्या सुट्टीचं. तुझ्याबरोबर तास भरून काढायला दुसरी एक मुलगी होती, जाड चष्म्याची, ती आजारी होती म्हणून तिची हजेरी बुडाली होती. पहिले दोन दिवस तुम्ही फक्त "तो खोका दे" एवढंच बोललात. तिसऱ्या दिवशी तिने एक दगड तुझ्या पायावर पाडला आणि तुम्ही दोघी जमिनीवर बसून हसत राहिलात. एका नमुन्याची चिठ्ठी वीस वर्षं चुकीची होती, ती तू शोधून काढलीस, आणि सरांनी नव्या चिठ्ठीवर तुझ्या नावाची आद्याक्षरं लिहायला लावली. पुढच्या वर्षी तुम्ही दोघी एका खोलीत राहणार. आणि तू म्हणालीस, "बाबा, मला अजूनही काही दिवस एकटं वाटेल. वाटलं की मी सांगेन. तुम्ही लगेच बस धरू नका."

मी वरून "हं" म्हणालो.

तुला वाटलं असेल, बाबांना म्हातारपण आलं, एक बल्ब बसवायला पाऊण तास लागला. आईही दोनदा येऊन बघून गेली. दुसऱ्या वेळी तिने माझ्याकडे वर पाहिलं, तिच्या लक्षात आलं, आणि ती गुपचूप निघून गेली.

भिंगरे, बल्ब पहिल्याच मिनिटाला बसला होता. मी बसवत होतो, काढत होतो, पुन्हा बसवत होतो. खाली उतरलो असतो तर तू थांबली असतीस, अशी मला भीती होती. डावा पाय पूर्ण बधिर झाला होता. आई रोज शेक देतेय, आणि देताना हसतेय.

पुढच्या सुट्टीत मला खुर्चीवर बसवून सांगितलंस तर गुडघ्यांवर उपकार होतील. पण तसं जमत नसेल तर काही हरकत नाही. घरात अजून सहा बल्ब आहेत.

बाबा